यूट्यूबची लिंक डाउनलोडरमध्ये पेस्ट केली की 'चुकीची लिंक' असं का येतं?

बहुतेक वेळा लिंकसोबत भलतंच काहीतरी चिकटून येतं. व्हॉट्सअ‍ॅपवरचा अख्खा मेसेज कॉपी केला, तर 'काका, हे बघाच' पासून हात जोडलेल्या इमोजीपर्यंत सगळं त्या चौकोनात जातं. त्यापेक्षा व्हिडिओ उघडा, 'शेअर' दाबा, 'कॉपी लिंक' करा. चौकोनात आधीचं काही असेल तर पुसून टाका, मग बोट दाबून धरा आणि पेस्ट करा.

लांबलचक लिंकमध्ये 'व्ही' आणि बरोबरच्या चिन्हानंतरची 11 अक्षरं म्हणजे त्या व्हिडिओची ओळख. त्यात लहान-मोठ्या लिपीचा फरक पडतो, म्हणून हाताने टाइप करायच्या फंदात पडू नका. पुढे 'अँड'चं चिन्ह आणि 'लिस्ट' दिसलं तर तिथपासून शेवटपर्यंत उडवा, नाहीतर एका गाण्यापायी सगळी प्लेलिस्ट उतरायला लागू शकते. खासगी व्हिडिओ असेल तर लिंक बरोबर असूनही काही होणार नाही.

आणि लोकलमध्ये मधेच रेंज जाते, एवढ्यासाठीच हवं असेल तर यूट्यूबच्या अ‍ॅपमध्येच बऱ्याच व्हिडिओंखाली 'डाउनलोड' असतं. घरच्या वायफायवर करून निघा, लिंकची भानगडच नको.