मॉर्मन झालं आणि नंतर नाही पटलं, तर सोडता येतं का?

तुम्ही लिहिलंय की अमेरिकेतल्या युटा राज्यात नोकरीला येऊन आठ महिने झालेत, दर मंगळवारी मॉर्मन या ख्रिस्ती पंथाची दोन मिशनरी पोरं घरी येतात आणि आता ती बाप्तिस्म्याची तारीख मागतायत. नंतर नाही पटलं तर बाहेर पडता येतं का, असं विचारलंय.

येतं. नाव काढून टाका असं पत्र लिहायचं, सही नोटरीसमोर करायची, पाठवून द्यायचं. हे काम फुकट करून देणारा वकीलही इथे आहे. कागदावर एवढंच. बाकीचं कागदावर नसतं म्हणून पुढचं लिहितोय.

मी 2014 साली बाप्तिस्मा घेतला. इथेच एमएस करत होतो. पहिल्या हिवाळ्यात खोली बदलायची होती, तर वॉर्डातली, म्हणजे त्या भागातल्या चर्चच्या मंडळीतली, सहा माणसं ट्रक घेऊन आली. माझी गादी, कुकर, पुस्तकं सगळं उचललं आणि जाताना चीज घातलेल्या बटाट्यांचा भला मोठा ट्रे ठेवून गेली. त्याआधी तीन महिन्यांत माझ्याशी कुणी अभ्यासाखेरीज पाच मिनिटं बोललं नव्हतं. आत जाणं असं असतं. काही आठवडे धडे, एक मुलाखत, पांढरे कपडे, पाण्यात एकदा पूर्ण बुडवतात, झालं. पंथाचा संस्थापक जोसेफ स्मिथला धर्मग्रंथ कोरलेले सोन्याचे पत्रे खरंच सापडले का, यावर मी तेव्हा किती विचार केला होता म्हणाल, तर बटाट्यांवर केला त्याहून कमी.

घरी सांगितलं तर आईचा पहिला प्रश्न, "चहा पण नाही?" 1833 सालच्या आज्ञेत 'गरम पेयं' वर्ज्य आहेत आणि त्याचा अर्थ चहा-कॉफी असा लावतात. हॉट चॉकलेट चालतं, कोकही चालतो. आईला हे कधी कळलं नाही, खरं तर मलाही नाही. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेतले निवृत्त मास्तर. ते फक्त "बरं" म्हणाले.

बोलले ते 2016 मध्ये, माझ्या लग्नानंतर. मुलगी इथलीच, सात पिढ्यांची मॉर्मन. लग्न टेंपलमध्ये, म्हणजे रविवारच्या चर्चमध्ये नव्हे तर पंथाच्या खास मंदिरात, कारण तिथे लागलेलं लग्न मरणानंतरही टिकतं अशी श्रद्धा. टेंपलमध्ये जायला रेकमेंड, म्हणजे आत जायचा परवाना, लागतं. ते दोन मुलाखती देऊन मिळतं आणि दशमांश भरता का, चहा-दारू घेता का हे त्यात विचारतात. आईबाबांकडे कुठून असणार? साताऱ्याहून चोवीस तासांचा प्रवास करून आलेली दोघं पोराच्या लग्नात बाहेर बाकावर बसली. जूनचं ऊन. आईच्या पर्समध्ये अक्षतांची पुडी होती.

त्यांच्या शेजारी आणखी एक माणूस बसला होता, नवरीचा सख्खा भाऊ. त्याने दोन वर्षांपूर्वी चर्च सोडलं होतं, त्यामुळे तोही बाहेर. त्याला मराठी येत नाही, बाबांना इंग्रजी बेताचं. आत समोरासमोरच्या आरशांमध्ये आम्ही दोघं अनंतापर्यंत दिसत होतो, बाहेर ही तीन माणसं गप्प बसली होती. आम्ही बाहेर आलो तेव्हा बाबांनी खुणा करकरून त्याला कानपिळी शिकवली होती. त्याने येऊन माझा कान असा पिळला की फोटोत मी रडल्यासारखा दिसतो. त्या दिवशीचं तेवढंच लग्न बाबांनी पाहिलं.

ते परत गेल्यावर फोनवर भांडण झालं. बाबा म्हणाले, साक्षीला माणसंच नाहीत ते लग्न कसलं. मी तेव्हा कट्टर होतो. म्हटलं, "आपल्याकडे पंढरपूरला 1947 पर्यंत कुठे सगळ्यांना आत सोडत होते?" पलीकडे जरा शांतता. मग म्हणाले, "म्हणूनच साने गुरुजी दहा दिवस उपाशी बसले. तू काय केलंस? तू आत जाऊन बसलास."

यावर माझ्याकडे आजही उत्तर नाही. एक मात्र सांगतो, आधी साधं लग्न सगळ्यांसमोर करायची सोय तेव्हाही होती. फक्त त्यानंतर टेंपलसाठी वर्षभर थांबावं लागायचं. आणि जो थांबला त्याच्याबद्दल लोक कुजबुजायचे, की यांचं लग्नाआधीच काहीतरी झालं असणार. त्या कुजबुजीला मी घाबरलो. हा दोष चर्चचा किती आणि माझा किती, ते बाबा बरोबर ओळखून होते.

सोडलं 2021 मध्ये. कारणं सगळे देतात तीच. संस्थापकाच्या तीसेक बायका, ज्या चर्चनेच 2014 मध्ये एका लेखात मान्य केल्या. 1978 पर्यंत काळ्या माणसांना याजकपद बंद, टेंपलमधले मुख्य विधीही बंद. ते 1978 वाचलं तेव्हा बाबांचं वाक्य कानात वाजलं. पहिला फोन मेहुण्याला केला.

सोडल्यावर कुणी वाळीत टाकलं नाही. ट्रकवाली माणसं अजून भेटतात, हसतात, फक्त जपून बोलतात, घरात कुणाला मोठा आजार असल्यासारखी. बायको अजून आत आहे. ती रविवारी मुलीला घेऊन जाते, मी घरी पोहे करतो आणि चहा पितो. आता ऐका, ते पत्र मी आजवर पाठवलेलं नाही. नाव काढलं की टेंपलमधलं बंधनही त्यांच्या हिशेबी तुटतं. बायको म्हणाली, तेवढं करू नकोस. मुलगी पुढच्या वर्षी आठ पूर्ण करेल, म्हणजे बाप्तिस्मा. तो एरवी बाप देतो, हिला सासरे देतील. मी समोर खुर्चीवर बसेन. पुढे तिचं लग्न टेंपलमध्ये झालं तर कुठे बसेन, ते मला माहीत आहे.

म्हणून माझं ऐकाल तर तारीख देऊ नका. 'विचार करतो' असंही म्हणू नका, मोघम बोललात की ती पोरं येत राहतात. स्पष्ट सांगा की मैत्री हवी, बाप्तिस्मा नको, आणि मग कोण येतं ते बघा. अविवाहित असाल तर आईवडिलांना आधी फोन करा, नंतर नव्हे.

दोन गोष्टी खरं तर आधीच सांगायला हव्या होत्या. एक, वर्षभर थांबण्याचा तो नियम 2019 च्या मे महिन्यात चर्चने काढून टाकला. आता सकाळी सगळ्यांसमोर लग्न आणि दुपारी टेंपल असं करता येतं, त्यामुळे माझं रडगाणं तुमच्या वाट्याला येईलच असं नाही. मी उत्साहाने बाबांना कळवलं, तर म्हणाले, "कोण बसलं होतं उपाशी?" दुसरं, हे सगळं युटाचं आहे. इथे शेजारी, बॉस, मुलीच्या शाळेतली बाई सगळे एकाच वॉर्डातले असू शकतात. जिथे मॉर्मन मूठभर आहेत तिथे सोडणं इतकं जड जात नसावं. आणि बीवायू या चर्चच्या विद्यापीठात शिकणारं कुणी ओळखीचं असेल तर त्याला माझे सल्ले देऊ नका. तिथे दरवर्षी चर्चच्या माणसाची शिफारस लागते, त्यामुळे डिग्री हातात पडेपर्यंत गप्प बसणारे बरेच असतात.

बायकोने हे वाचलं. तिचं म्हणणं, 'मॉर्मन' म्हणू नकोस, 2018 पासून चर्च पूर्ण नाव वापरा म्हणतंय. आणि बटाट्यांवर अन्याय केलास.

मंगळवारी ती पोरं आली की लिंबू सरबत द्या. अठरा-एकोणीस वर्षांची असतात, घरापासून लांब, आणि थोड्या आठवड्यांत त्यांची बदली होते.