हिवाळा कुणाच्या वाट्याला?

प्रिय मावशी,

आम्ही नऊ वर्षं डॅलसजवळ अर्व्हिंगला राहतो. नवऱ्याला मिनेसोटातल्या मिनीआपोलिसला नोकरी मिळतेय. वर्षाचा पगार १ लाख ३० हजार डॉलरांवरून १ लाख ४८ हजार होईल. ऑफिस डाउनटाउनमध्ये, रुजू व्हायचंय १ नोव्हेंबरला. तो खूश आहे. मी इथे एका पाळणाघरात काम करते, वर्षाला २८ हजार मिळतात आणि काम मला आवडतं. तो म्हणतो, 'तुला काय, तिकडेही मिळेल.' मला थंडीची धास्ती आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये इथे तीन दिवस वीज नव्हती. मुलगी दीड वर्षाची होती, कपाटातले सगळे कपडे अंगावर चढवून आम्ही एका खोलीत बसून होतो. ते मी विसरलेले नाही. गाडी चालवते, पण ओळखीच्या रस्त्यांवर. हायवेवर हात थरथरतात. सासूबाई नोव्हेंबरात सहा महिन्यांसाठी येणार आहेत, त्यांचे गुडघे दुखतात. नवरा म्हणतो, मी बाऊ करतेय. खरंच करतेय का? जावं की नाही?

— द्विधा, टेक्सास

प्रिय द्विधा,

बाऊ नाही करत आहेस. फक्त ज्या थंडीला घाबरतेयस ती इथली, म्हणजे माझ्या मिनीआपोलिसची, नव्हे. २०२१ च्या त्या फेब्रुवारीत डॅलसला उणे २ फॅरनहाइट झालं होतं. इथे जानेवारीत उणे २ झालं तर शाळेची बस नेहमीच्या वेळेला येते. तुमच्याकडे गोठली ती घरं, कारण ती उन्हाळ्यासाठी बांधलेली. इथली घरं हिवाळ्यासाठीच बांधतात. भिंती जाड, खिडक्यांना दुहेरी-तिहेरी काच, तळघरात घर गरम ठेवणारा फर्नेस धडधडत असतो. ३० जानेवारी २०१९ ला इथे उणे २८ झालं, म्हणजे सेल्सियसमध्ये उणे ३३. शाळा बंद होत्या आणि मी सुती गाऊनवर पोहे परतत होते. पुण्यात डिसेंबरच्या पहाटे फरशीवर पाय टेकवताना जो काटा येतो ना, तो मला या घरात पंचवीस वर्षांत कधी आलेला नाही.

मी मूळची सोलापूरची, बेचाळीस डिग्रीत वाढलेली. तेव्हा थंडीबद्दल हे मी बोलतेय याला थोडी तरी किंमत दे.

आता दुसरी बाजू. तुझ्या पत्रातल्या एका ओळीवर मी अडले: 'ऑफिस डाउनटाउनमध्ये.' तिथे स्कायवे आहेत. इमारतींना दुसऱ्या मजल्यावर जोडणारे काचेचे पूल, १९६२ पासून बांधत आणलेले, सगळे मिळून साडेनऊ मैलांच्या आसपास. तुझा नवरा घरच्या गराजमधून गाडी काढेल, बहुमजली पार्किंग रॅम्पमध्ये लावेल, स्कायवेतून ऑफिसला जाईल, दुपारी स्कायवेतूनच जेवायला जाईल आणि संध्याकाळी तसाच परत येईल. कोट हातातच राहील. मार्चमध्ये तुला म्हणेल, 'अगं, काही नसतं, उगाच घाबरत होतीस.' आणि खोटं बोलत नसेल बिचारा.

बसथांब्यावर मुलीला घेऊन उभी असशील तू. स्नोपँट, बूट, मिटन, टोपी, वरून जाकीट, हे सगळं चढवून झाल्यावर तिला बाथरूमला जायचं असतं, हे सांगणारी पहिली मीच का? वाऱ्यासकट गारठा उणे २० फॅरनहाइटच्या खाली गेला की उघडी कातडी अर्ध्या तासात गोठू शकते, म्हणून एक मिटन हरवला तरी तो शोधेपर्यंत बाहेर पडता येत नाही. तुझे हात कोरड्या रस्त्यावर थरथरतात. इथे डांबरावर पारदर्शक बर्फाचा पापुद्रा असतो, दिसतच नाही, कळतो तो गाडी आपोआप वळायला लागल्यावर. दुपारी दोनला डॉक्टरकडे सासूबाईंना कोण नेणार? तू. शहरात हिमपात जास्त झाला की स्नो इमर्जन्सी लागते, रात्री नऊपासून ठरलेल्या रस्त्यांवरून गाड्या हलवायच्या. आमच्या पहिल्या हिवाळ्यात आम्हाला हे माहीतच नव्हतं. सकाळी खिडकीतून बघते तर गाडीच्या जागी स्वच्छ नांगरलेला रस्ता! दंड भरून गाडी सोडवून आणली, चूक आमचीच होती. पण त्या दिवशी मुलाला घेऊन दोन बस बदलत गेले ती मी. यजमान ऑफिसात होते.

म्हणून मी म्हणते, एकाच घरात दोन वेगळे हिवाळे असतात. निर्णय दोघांचा, हे खरं. पण अटी घालायचा अधिकार ज्याला हिवाळा जास्त भोगायचाय त्याचा.

आणि तो अंधार. थंडीवर कपडे असतात, अंधारावर नसतात. डिसेंबरात इथे सूर्य साडेचारच्या सुमाराला मावळतो. तुमच्याकडे निदान सव्वापाच उलटून जातात. सकाळी उगवतो पावणेआठ उलटल्यावर. म्हणजे मूल शाळेत जातं अंधारात आणि खेळायचं म्हणावं तर पुन्हा अंधार. पहिल्या वर्षी मला वाटायचं, मी आळशी झालेय. स्वयंपाक नको, फोन नको, आईशीही बोलायला नको. दुसऱ्या वर्षी डॉक्टरांनी सांगितलं, याला उपाय असतो. दहा हजार लक्सचा दिवा मिळतो, सकाळी चहा घेताना वीस-तीस मिनिटं समोर ठेवायचा. ड जीवनसत्त्व तपासून घ्यायचं. दिवा विकत आणल्यावर शेजारीण म्हणाली, 'माझ्याकडे केव्हापासून आहे.' कधी सांगितलं नव्हतं तोवर. इथली माणसं गाडी बर्फात अडकली तर अनोळखी माणसाला ढकलून काढतील, पण घरी बोलवायला वर्ष लावतील. ते तेवढं सोसावं लागतं.

जानेवारीचं लोक उगाच बोलतात. जानेवारी देखणा असतो गं. ऊन लखलखीत, तळी गोठलेली, त्यावर पोरं स्केटिंग करतात, म्हातारे छोट्या खोपट्यात बसून बर्फाला भोक पाडून मासे धरतात. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आम्ही पैठणीखाली गुडघ्यापर्यंतचे बूट घालून जातो, चपला पिशवीत. यजमानीणबाईंच्या दाराशी बुटांचा हा ढीग. आणि तीळगूळ कशासाठी असतो ते मला सोलापुरात कधीच कळलं नव्हतं, इथे कळलं.

जीव नकोसा करतो तो मार्च-एप्रिल. भारतातून आंब्याच्या पेट्यांचे फोटो यायला लागतात आणि आपल्या दारात काळ्या पडलेल्या बर्फाचे ढिगारे, मिठाने पांढरे झालेले बूट, रस्त्यात खड्डे. २०१८ साली अक्षय्य तृतीयेच्या तोंडावर, एप्रिलच्या मध्यात, जवळपास सोळा इंच बर्फ पडला. त्या दिवशी फावडं हातात घेऊन मी रडले, हे इथे कबूल करते. त्यामुळे शहर बघायला यायचं तर मार्चमध्ये ये. जूनमध्ये आलीस तर फसशील: रात्री नऊपर्यंत उजेड, तळ्याकाठी सायकली, हवा महाबळेश्वरची.

आता पैसे, कारण १८ हजारांच्या वाढीनेच नवरा खूश दिसतोय. टेक्सासला राज्याचा आयकर नाही, मिनेसोटाला आहे. तुमच्या उत्पन्नावर तो सात हजारांच्या घरात जाईल. वाढीव पगारावर केंद्राचा कर आणि सोशल सिक्युरिटी वगैरे आणखी पाचेक हजार. राहिले सहा. आणि तुझे २८ हजार सहा महिने जरी थांबले तरी १४ हजार गेले. म्हणजे पहिल्या वर्षी तुम्ही तोट्यात. नवऱ्याला कामातली प्रगती म्हणून ही नोकरी हवी असेल, तर ते चांगलं कारण आहे आणि त्याने तसं म्हणावं. 'पैसे वाढतात' म्हणू नये. 'तिकडेही मिळेल' हे तर अजिबात म्हणू नये. पाळणाघरांना माणसं हवी असतात, मिळेलही नोकरी. पण ती वाऱ्यावर सोडून द्यायची गोष्ट नाही, तिचाही पत्ता, अंतर आणि रस्ता ठरायला हवा.

माझं मत विचारलंस तर सांगते, काहींना आवडणार नाही. नवऱ्याने १ नोव्हेंबरला एकट्याने जावं. तू आणि मुलगी शाळेचं हे वर्ष संपेपर्यंत अर्व्हिंगलाच राहा. सासूबाई ठरल्याप्रमाणे नोव्हेंबरात डॅलसला येतील, त्यांच्या गुडघ्यांना डॅलसचा हिवाळा मानवेल, तुला सोबत होईल, तुझी नोकरी चालू राहील. विमानाने अंतर अडीच तासांचं. दोन घरांचं भाडं पडेल, पहिल्या वर्षी हातात काही उरणार नाही, पण वर पाहिलंस ना, तसंही उरत नव्हतं. तो स्वतः काच खरवडेल, फावडं मारेल, साडेचारच्या अंधारात रिकाम्या घरी येईल. मग जे बोलेल ते ऐकण्यासारखं असेल.

मार्चमध्ये स्प्रिंग ब्रेकला मुलीला घेऊन आठवडाभर इथे या. हॉटेल डाउनटाउनमध्ये घेऊ नका. ईडन प्रेरी, प्लिमथ, मेपल ग्रोव्ह, जिथे घर बघायचंय तिथे राहा. मेपल ग्रोव्हला मोठं हिंदू मंदिर आहे, तिथे शनिवार-रविवारी चार मराठी बायका भेटतीलच, त्यांना विचार पहिलं वर्ष कसं काढलं ते. शाळा, पाळणाघर आणि किराणा हायवे न घेता गाठता येतात का, हे तू स्वतः गाडी चालवून बघ. घराला जोडलेलं गराज हवंच, तिथे काटकसर करू नका. हे सगळं बघूनही पाय निघत नसेल तर तसं स्पष्ट सांग. 'थंडी आहे' म्हणून नको, 'मला नाही यायचं' म्हण. आणि जमतंय वाटलं तर जूनमध्ये सामान हलवा. पहिला हिवाळा येण्याआधी पाच महिने मिळतात, तेवढ्यात गाडीच्या शिकवणीचे दहा-बारा तास घे, आधी हायवेवर, मग पहिल्या बर्फात रिकाम्या पार्किंग लॉटमध्ये. मुद्दाम ब्रेक मारून गाडी घसरू द्यायची, भीती जाते.

तुम्ही व्हिसावर असाल तर त्याने राजीनामा देण्याआधी वकिलाला गाठा. कंपनी बदलली की ग्रीन कार्डाची प्रक्रिया बहुतेक वेळा नव्याने करावी लागते. जुना आय-१४०, म्हणजे ग्रीन कार्डासाठी कंपनीने केलेला अर्ज, मंजूर असेल तर रांगेतली तारीख साधारणपणे टिकते, पण तुझं वर्क परमिट त्यावरच उभं असेल तर ते तुझ्या डोळ्यांदेखत तपासून घे. नवऱ्याच्या तोंडी निरोपावर राहू नकोस.

मुलीचे स्नोबूट आत्ताच घेऊ नको, तिचा पाय पुढच्या ऑक्टोबरपर्यंत दोन नंबरांनी वाढेल. मार्चच्या फेरीसाठी कुणाचे तरी मागून आणू. तारीख कळव.

— मावशी