बरोबरीच्यांना शिकवण्याआधी

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. पहिल्या वर्षाच्या रसायनशास्त्रासाठी विभागाला विद्यार्थी-मार्गदर्शक हवे आहेत. पण आपण स्वतः अजून दुसऱ्याच वर्षाला आहोत, आपण दुसऱ्यांना काय शिकवणार, या विचाराने तू अर्ज भरून तसाच ठेवला आहेस. तो अर्ज दे. तुला जी उणीव वाटते आहे, तीच या कामातली तुझी जमेची बाजू आहे, कारण वर्षापूर्वी तुझे गाडे नेमके कुठे अडले होते हे तुला अजून आठवते. एखादी गोष्ट अंगवळणी पडली की ती येत नव्हती ते दिवस माणूस विसरून जातो. स्टॅनफर्ड विद्यापीठात १९९० साली झालेल्या एका प्रयोगात काही जणांना परिचित गाण्यांचा ताल टेबलावर बोटांनी वाजवायला सांगितले होते. ऐकणारे निम्मी गाणी तरी ओळखतील, असा वाजवणाऱ्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात १२० पैकी फक्त ३ ओळखली गेली. वाजवणाऱ्याच्या मनात पूर्ण गाणे चालू असते, ऐकणाऱ्याच्या कानी फक्त टकटक पडते. अनुभवी प्राध्यापकांच्या फळ्यावरच्या दोन ओळींमध्ये जी पायरी गाळली जाते, ती तुला अजून दिसते. आणखी दोन-तीन वर्षांनी कदाचित तुलाही दिसणार नाही, म्हणून ही संधी आताच घे, असे माझे म्हणणे आहे.

एक उदाहरण देतो. ४ ग्रॅम हायड्रोजन आणि १६ ग्रॅम ऑक्सिजन यांच्यापासून पाणी तयार होते, तर आधी काय संपेल, असे विचारल्यावर समोरचा विद्यार्थी बहुधा ‘हायड्रोजन’ म्हणेल. ‘चूक, आधी मोल काढ’ असे तुझ्या अगदी ओठावर येईल (मोल म्हणजे रेणू मोजण्याचे एकक), पण ते तिथेच थांबव आणि ‘हायड्रोजनच का?’ एवढेच विचार. तो सांगेल की चार हे सोळापेक्षा कमी आहेत. म्हणजे त्याचे गणित कच्चे नाही. तो वजनांची तुलना करतो आहे आणि अभिक्रिया मात्र रेणूंच्या हिशेबाने चालते, एवढेच त्याच्या ध्यानात आलेले नाही. हे कळल्यावर त्यालाच दोन्हींचे मोल काढू दे. हायड्रोजनचा एक मोल २ ग्रॅमचा आणि ऑक्सिजनचा ३२ ग्रॅमचा, म्हणून हायड्रोजनचे २ आणि ऑक्सिजनचा अर्धा मोल निघतो. २ मोल हायड्रोजनला १ मोल ऑक्सिजन लागतो, तेव्हा आधी ऑक्सिजन संपणार, हे तो स्वतःच्या तोंडाने म्हणेल. तू ते सांगितले असतेस तर त्याने मान डोलावून लिहून घेतले असते आणि पुढच्या गणितात पुन्हा वजनेच ताडून पाहिली असती.

हे मी अनुभवाने लिहितो आहे. विद्यार्थिदशेत मी एका वर्गमित्राला काही आठवडे शिकवत असे. त्याची वही माझ्या हस्ताक्षरातल्या सुबक उत्तरांनी भरली होती, प्रत्येक उत्तरानंतर तो ‘समजले’ म्हणत असे आणि मला धन्य वाटत असे. परीक्षेत त्याला त्यातली एक ओळही पुढे नेता आली नाही. त्या सगळ्या दिवसांत पेन माझ्याच हातात होते, ही माझी चूक होती आणि तिची किंमत त्याने मोजली. तेव्हापासून मी ‘समजले’ या शब्दावर विसंबत नाही. ‘आता मला समजावून सांग’ असे म्हणतो.

सगळे काही तुलाच यायला हवे, असेही नाही. कोलोरॅडो विद्यापीठाच्या बोल्डर येथील जनुकशास्त्राच्या वर्गात केलेला एक अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. गटातल्या कोणालाही सुरुवातीला बरोबर उत्तर माहीत नव्हते, तिथेही आपसातल्या चर्चेनंतर उत्तरे सुधारल्याचे त्यात आढळले. म्हणून अडलास तर ‘मलाही नक्की माहीत नाही, आपण पाहू’ असे मोकळेपणाने म्हण. चुकीचे उत्तर ठासून सांगण्याचा मोह मात्र कटाक्षाने टाळ.

काम स्वीकारण्यापूर्वी त्याची व्यवस्था कशी आहे ते विचारून घे. मिसूरी विद्यापीठाच्या कॅन्सस सिटी येथील केंद्रात १९७३ साली सुरू झालेल्या योजनेत मार्गदर्शक विद्यार्थी तो विषय पूर्वी उत्तम रीतीने उत्तीर्ण झालेला असूनही पुन्हा वर्गात बसतो आणि मग अभ्याससत्रे घेतो. शिवाय ती मदत ‘कच्च्या’ विद्यार्थ्यांसाठी नसून कठीण विषयांसाठी असते, त्यामुळे तिथे येण्यात कोणाला कमीपणा वाटत नाही. बोल्डरमध्येच २००३ पासून चालणाऱ्या योजनेत असे विद्यार्थी दर आठवड्याला प्राध्यापकांसोबत तयारी करतात आणि सुरुवातीच्या सत्रात अध्यापनाचा स्वतंत्र अभ्यासक्रमही करतात. तुमच्या विभागात असे काही नसेल, तर आठवड्यातून निदान अर्धा तास प्राध्यापकांनी तुला द्यावा, अशी विनंती आधीच कर. मानधन किंवा श्रेयांक मिळतात का, हे विचारण्यातही संकोच नको.

गुणांसाठी जमा करायचा गृहपाठ कोणाला करून देऊ नकोस, मग तो कितीही जवळचा मित्र असो; त्याच धर्तीचे दुसरे गणित घेऊन बस. कोणाला काय येत नाही, हे त्या खोलीबाहेर जाऊ देऊ नकोस. आणि एखाद्याची अडचण विषयापुरती नाही, तो मनातून खचला आहे, असे जाणवले तर ते ओझे एकट्याने वाहू नकोस. त्याला महाविद्यालयाच्या समुपदेशकांपर्यंत सोबत घेऊन जा.

अर्ज दिल्यावर कळव. सत्रे सुरू झाली की पहिल्या आठवड्यात कोणते चुकीचे उत्तर सर्वांत जास्त वेळा ऐकायला मिळाले आणि त्यामागचे कारण काय निघाले, तेही सविस्तर लिही. मी वाट पाहतो.

तुझा शुभचिंतक