रंगभवनच्या पायऱ्यांवरून ऐकलेले ‘रॉक मशीन’

आपण विचारले आहे की, ‘रॉक मशीन’ हा मुंबईचा बँड आणि त्याचा गायक उदय बेनेगल यांचे सुरुवातीचे कार्यक्रम ज्यांनी शहरात प्रत्यक्ष ऐकले, त्यांना त्यांतले आज काय आठवते, आणि रंगभवन या खुल्या नाट्यगृहातले वातावरण कसे असे. १९८७ ते १९९० या काळात मी त्यांना चार वेळा ऐकले, तीनदा रंगभवनात आणि एकदा एका महाविद्यालयाच्या पटांगणात, म्हणून उत्तर लिहिण्याचे धाडस करतो. मात्र या विषयातल्या आठवणी, माझ्यासुद्धा, थोड्या जपूनच घ्याव्यात. १९७२ साली लेड झेपेलिन या ब्रिटिश रॉक बँडचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लँट कुलाब्याच्या ‘स्लिप डिस्क’ नावाच्या डिस्कोथेकमध्ये वाजवून-गाऊन गेले, ही गोष्ट खरी आहे. पण त्या रात्री आपण तिथे होतो असे सांगणारी जेवढी माणसे मला आजवर भेटली आहेत, ती सगळी खरोखर आली असती तर कार्यक्रम आझाद मैदानावर घ्यावा लागला असता.

मी गिरगावातल्या चाळीत वाढलो. आमच्या घरात नाट्यसंगीत आणि आकाशवाणी यांपलीकडे संगीत नव्हते आणि ‘बँड’ म्हटले की लग्नाच्या वरातीतला लाल डगल्यांचा बँडच डोळ्यांसमोर येई. रॉक ऐकण्याची सवय मला लावली ती खोताच्या वाडीत राहणाऱ्या माझ्या वर्गमित्राने. त्याच्याकडे कॅसेटवरून कॅसेटवर उतरवलेले, तिसऱ्या-चौथ्या प्रतीचे संगीत असे. त्यात खरखर इतकी की पहिले काही महिने ती त्या गाण्यांचाच भाग आहे अशी माझी समजूत होती. काळ्या घोड्याजवळच्या ‘ऱ्हिदम हाउस’मध्ये शनिवारी जाऊन आम्ही रेकॉर्डांची वेष्टणे उलटसुलट करून वाचत असू आणि एखादी रिकामी कॅसेट विकत घेऊन परत येत असू. परदेशी रेकॉर्ड घेण्याची आमची ऐपत नव्हती.

रंगभवन हे राज्य शासनाचे खुले नाट्यगृह सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या मागच्या अंगाला आहे. पुढच्या पिढीला ती गल्ली २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्रीमुळे, हेमंत करकरे, अशोक कामटे आणि विजय साळसकर यांच्यावर तिथे गोळीबार झाला म्हणून, ठाऊक असते. आमच्या लेखी ती मुंबईच्या रॉकची गल्ली होती. मार्च १९८० मध्ये ‘द पोलिस’ हा इंग्लंडचा बँड याच ठिकाणी वाजवून गेला, आणि त्यांना आणले होते ‘टाइम अँड टॅलेंट्स क्लब’ या, मुख्यतः पारशी महिलांच्या, धर्मादाय संस्थेने, ही गंमत मुंबईतच घडू शकते. १९८६ मध्ये फरहाद वाडिया यांनी सुरू केलेला ‘इंडिपेंडन्स रॉक’ हा महोत्सवही इथेच रुजला.

आम्ही ठाकुरद्वाराहून चालत धोबीतलावापर्यंत जात असू, मेट्रो सिनेमासमोरच्या कयानी या इराणी हॉटेलात ब्रून मस्का आणि चहा घेत असू आणि मग त्या गल्लीत शिरत असू. पहिल्यांदा निघालो तेव्हा आईने विचारले, ‘‘कुठे?’’ मी ‘‘रंगभवनला’’ म्हणालो. तिने ‘‘कोणाचे नाटक आहे?’’ असे विचारले आणि मी तिचा गैरसमज दूर केला नाही. आत शिरल्यावर वर मोकळे आकाश, पायऱ्यांवर दाटीवाटीने बसलेली, बहुतेक काळे टी-शर्ट घातलेली मुले, मुली फारच थोड्या, आणि बसण्यासाठी प्रत्येकाने आणलेले वर्तमानपत्र. आम्ही अंथरलेल्या वर्तमानपत्राची शाई उठताना पँटवर उमटलेली असे आणि घरी पोहोचल्यावर आईच्या नजरेला पडणारा पुरावा तोच असे. पहिल्या कार्यक्रमात एक गाणे संपताच मी सवयीने, साहित्य संघातल्या नाटकाला द्यावी तशी, ‘‘वन्स मोअर!’’ अशी आरोळी दिली आणि पुढच्या दोन रांगा मागे वळून माझ्याकडे पाहून हसल्या.

आवाजाबद्दल विशेष सांगितले पाहिजे, कारण ध्वनिमुद्रणे ऐकून त्याची कल्पना येत नाही. तोवर मी मोठा आवाज ऐकला होता तो गणपतीच्या मांडवातल्या कर्ण्यांचा, आणि तो कानाला लागतो. इथे ड्रमचा पहिला ठोका कानाआधी छातीत जाणवला आणि बास गिटारचा नाद बसलेल्या पायरीतून वर चढत आला. मित्राच्या हाताला मी त्या क्षणी घट्ट धरले होते, असे तो सांगतो. मला ते आठवत नाही.

‘रॉक मशीन’ची स्थापना १९८४ ची. माझ्या काळातल्या संचात गायक उदय बेनेगल, गिटारवर महेश तिनईकर आणि जयेश गांधी, बासवर मार्क सेल्विन, कीबोर्डवर झुबिन बालापोरिया आणि ड्रमवर मार्क मेनेझिस होते. ही नावे मुद्दाम लिहितो, कारण गिरगावातल्या मुलाला त्या नावांचाच पहिला धक्का बसला होता. गिटार हातात घेऊन असे वाजवणारा माणूस ‘तिनईकर’ असू शकतो, म्हणजे जिना उतरताना भेटावा अशा आडनावाचा असू शकतो, हे मला सर्वस्वी नवे होते. बेनेगल रंगमंचावर उभा राहिला की समोरच्यांना बांधून ठेवी. त्याचा आवाज उंच पट्टीत स्वच्छ चढे आणि तिथे तो ताणल्यासारखा वाटत नसे, हे मला तेव्हाही जाणवले होते, आणि नाट्यसंगीतावर वाढलेल्या कानाला वरचा षड्ज कसा लागला हे कळते एवढा तरी भरवसा मी स्वतःवर ठेवतो.

आता खरा मुद्दा. त्या काळात रॉक बँडची लायकी एकाच गोष्टीवर ठरत असे: परदेशी गाणे हुबेहूब वाजवता येते की नाही. गणेशोत्सवातल्या ऑर्केस्ट्राच्या गायकाकडून किशोरकुमारचा आवाज जसाच्या तसा यावा अशी जी अपेक्षा असे, तीच ही, फक्त इंग्रजीतून. याला कारणही होते. मूळ कलाकार क्वचितच येत, दूरदर्शनवर हे संगीत फारसे दिसत नसे, चांगली वाद्ये परदेशातून कोणी आणली तर मिळत. तेव्हा ज्या गाण्याची खरखरीत चौथी प्रत आपण रोज ऐकतो ते डोळ्यांसमोर सहा माणसांनी उभे करून दाखवणे, हीच मोठी मेजवानी वाटे. ‘रॉक मशीन’नेही सुरुवात अशाच गाण्यांपासून केली होती, आणि मग त्यांनी आपली स्वतःची गाणी पुढे आणली. १९८८ मध्ये ‘रॉक अँड रोल रेनेगेड’ हा त्यांच्या स्वतःच्या गाण्यांचा अल्बम निघाला, १९९० मध्ये ‘द सेकंड कमिंग’ आला. आज ही गोष्ट सहज वाटते. पायऱ्यांवर बसलेल्यांना ती सहज वाटत नव्हती. अनोळखी गाणे सुरू होत आहे असे दिसताच मागून ओरडा सुरू होई, ‘डीप पर्पल’सारख्या एखाद्या ब्रिटिश बँडचे नाव घेऊन त्याचे गाणे वाजवा अशी मागणी होई, आणि गायकाला त्या गोंगाटावरूनच गाणे उचलावे लागे.

हा प्रसंग मी पुढे कितीतरी वर्षे सांगत आलो. आपल्याच माणसांची गाणी ऐकून घेण्याचे सौजन्य तेव्हाच्या श्रोत्यांकडे नव्हते, मागच्या रांगांमध्ये एक टवाळ टोळके बसलेले असे आणि त्याने कार्यक्रमाचा विचका केला, असे माझे कथन असे. आणि त्यात मी व माझा मित्र हे दोघे समंजस श्रोते असू.

पुढचा इतिहास थोडक्यात सांगतो, कारण तो आपल्याला इतरत्रही मिळेल. १९९३ मध्ये बँडने ‘इंडस क्रीड’ हे नाव घेतले, उपग्रह वाहिन्यांवर त्यांची चित्रफीत दिसू लागली आणि ज्यांनी रंगभवन पाहिले नव्हते अशा मुलांपर्यंत ते पोहोचले. १९९७ च्या सुमारास ते पांगले, २०१० मध्ये बेनेगल, तिनईकर आणि बालापोरिया पुन्हा एकत्र आले आणि २०१२ मध्ये ‘इव्हॉल्व्ह’ हा अल्बम निघाला. रंगभवनाच्या नशिबी मात्र पुनरागमन आले नाही. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रुग्णालये, शिक्षणसंस्था आणि न्यायालये यांच्याभोवतीचा १०० मीटरपर्यंतचा परिसर शांतता क्षेत्र ठरू लागला. कामा आणि जी. टी. ही दोन्ही रुग्णालये, झेवियर्स आणि किल्ला कोर्ट यांच्या मधोमध असलेल्या खुल्या नाट्यगृहाला त्यातून सुटका नव्हती; २००३ पासून तिथले रॉकचे कार्यक्रम थांबले. मला याचे दुःख झाले, पण कामा रुग्णालयात नुकतीच प्रसूत झालेली बाई आमच्या त्या आवाजाबद्दल काय म्हणत असेल, हा प्रश्न आम्ही एकदाही स्वतःला विचारला नव्हता, हेही खरे आहे.

आता राहिली एका कॅसेटची गोष्ट. मी ऐकलेल्या त्या चार कार्यक्रमांपैकी एकाला माझ्या मित्राने त्याच्या मामाने आखातातून आणलेला लहानसा टेपरेकॉर्डर झोळीत टॉवेलखाली लपवून नेला होता. ती कॅसेट हरवली असे आम्ही धरून चाललो होतो; दोन वर्षांपूर्वी खोताच्या वाडीतले घर रंगवायला काढले तेव्हा ती माळ्यावरच्या बिस्किटांच्या डब्यात सापडली. पेन्सिल घालून फीत घट्ट करून घेतल्यावर ती चक्क वाजली. टॉवेलमुळे आवाज दबलेला आहे, बासचा नुसता घुमारा उरला आहे आणि गिटार पलीकडच्या खोलीत वाजत असल्यासारखी वाटते. एका ठिकाणी टाळ्या ओसरतात, गायक दोन वाक्ये बोलतो, ती नीट लागत नाहीत, आणि मग झोळीच्या अगदी जवळून, सगळ्या ध्वनिमुद्रणात सर्वांत स्पष्ट असा एक आवाज येतो: ‘‘डीप पर्पल! ए, डीप पर्पल वाजवा रे!’’ तो आवाज माझा आहे. गिरगावातला तो हेल ओळखायला कोणाची साक्ष नको. मी तीनदा ओरडलो आहे आणि तिसऱ्या वेळी आजूबाजूच्या चार-पाच जणांनी मला साथ दिली आहे.

त्यानंतर मित्राचे ‘‘अरे, ऐकू तरी दे’’ असे शब्द येतात आणि पाठोपाठ ड्रम सुरू होतात. ते गाणे कोणते, हे आम्हा दोघांनाही ओळखता आलेले नाही, कारण पहिल्या कडव्यावर मीच आहे आणि दुसरे सुरू होता होता कॅसेटची ती बाजू संपते.