शाळेचा बँड चालवतो, म्हणजे कंडक्टर व्हायचं राहिलं?

वय ३६. मुख्य वाद्य क्लॅरिनेट. माध्यमिक शाळेत अकरा वर्षं बँड शिकवतात. तीन गट आहेत, त्यांतल्या मोठ्या गटात ५५ मुलं. समुपदेशनाच्या पहिल्या भेटीत त्यांनी सगळं दुखणं एका वाक्यात सांगितलं, "मला कंडक्टर व्हायचं होतं, झालो मास्तर." बरोबर शिकलेले दोघे आता विद्यापीठांच्या वृंदांपुढे उभे राहतात. त्यांचे फोटो दिसले की यांचा पुढचा आठवडा नासतो. रविवारी रात्री झोप लागत नाही. नोकरी सोडून कंडक्टिंगच्या पदव्युत्तर शिक्षणाला जावं, की आता वय निघून गेलं, हा त्यांचा प्रश्न. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

सुषिर (फुंकून वाजवायच्या) वाद्यांच्या, म्हणजे विंड बँडच्या क्षेत्रातली माणसं हा प्रश्न वारंवार घेऊन येतात. त्यात एक गृहीत दडलेलं असतं, तेही सिम्फनी ऑर्केस्ट्राच्या जगातून उसनं घेतलेलं. तिथे शिकवणं एकीकडे आणि रंगमंच दुसरीकडे, अशी विभागणी बरीचशी खरी आहे. विंड बँडमध्ये पूर्णवेळ पगारी वृंद म्हणजे मुख्यतः लष्करी बँड, आणि तोक्यो कोसेई विंड ऑर्केस्ट्रासारखे मोजके नागरी वृंद. बाकीचे बहुतेक बँड शाळा-विद्यापीठांतले. त्यामुळे इथली कंडक्टरची जागा बहुतेक वेळा शिक्षकाचीच जागा असते. आधुनिक विंड आँसांबलचा, म्हणजे निवडक वादकांच्या सुषिर वृंदाचा, पाया कंडक्टर फ्रेडरिक फेनेल यांनी १९५२ मध्ये घातला, तोही अमेरिकेतल्या ईस्टमन या संगीतविद्यालयातच. विल्यम रेव्हेली १९२५ पासून इंडियानातल्या होबार्टच्या शाळेत बँड उभा करत होते, १९३५ मध्ये ते मिशिगन विद्यापीठात गेले. फ्रँक बॅटिस्टी १९५५ ते १९६७ इथाकाच्या हायस्कूलमध्ये होते. न्यू इंग्लंड कॉन्झर्व्हेटरीचा विंड आँसांबल त्यांनी १९६९ मध्ये सुरू केला. अमेरिकेतली अनेक विद्यापीठं कंडक्टिंगच्या पदव्युत्तर प्रवेशासाठी शाळेत शिकवल्याचा अनुभव मागतात किंवा निदान त्याला वजन देतात.

हे सांगून त्यांना बरं वाटलं का? फारसं नाही. दमलेल्या माणसाला इतिहास ऐकवून दम जात नसतो. मग त्यांना दोन आठवडे वेळेची नोंद ठेवायला सांगितलं. रकाने तीनच: बॅटन (कंडक्टरची छडी) हातात असलेला वेळ, बॅटनसाठीचा वेळ (स्कोअरचा, म्हणजे सगळ्या वाद्यांच्या ओळी एकत्र असलेल्या स्वरलिपीचा अभ्यास, रचना निवडणं, पार्टवर, म्हणजे एकेका वादकाच्या कागदावर खुणा करणं) आणि उरलेलं सगळं. आठवड्याची सरासरी ४६ तास आली. त्यात पहिल्या रकान्यात १७, तिसऱ्यात साडेसत्तावीस आणि मधल्यात दीड.

खरा रोग त्या दीड तासात होता. ते स्कोअर उघडायचे ते थेट तालमीतच. तालमीत उभ्याउभ्या स्कोअर वाचणाऱ्याला फक्त चुका ऐकू येतात. काय ऐकू यायला हवं होतं, हे त्याच्या मनात तयारच नसतं. असा माणूस दिवसभर चुका मोजतो आणि संध्याकाळी म्हणतो, मी नुसता मास्तर आहे.

पुढचा आठवडा कॅमेऱ्याचा. तालवाद्यांच्या मागे, कंडक्टरकडे तोंड करून फोन लावायचा आणि ५० मिनिटांची एक तालीम आवाजासकट टिपायची. मग स्टॉपवॉच घेऊन बसायचं. बोलणं २२ मिनिटं, वाजवणं १९, उरलेला वेळ सूर लावण्यात आणि कागद शोधण्यात. ३१ वेळा थांबवलं, त्यांतल्या १८ वेळा नुसतं "पुन्हा एकदा". काय बदलायचं हे न सांगता पुन्हा वाजवायला लावलं की मुलं तेच पुन्हा वाजवतात, आता जरा जास्त घट्ट करून. डावा हात बहुतेक वेळ उजव्याची नक्कल करत होता. यावर एक नियम ठरला: थांबवलंत तर दहा सेकंदांत कोण, कुठून, काय हे सांगायचं. "तिसरं क्लॅरिनेट, माप ४२ पासून, तिसऱ्या मात्रेचा स्वर आखूड." (माप म्हणजे स्वरलिपीतला एक तालखंड.) सांगण्यासारखं काही नसेल तर थांबवायचं नाही.

"मुलांना सूरच नाही" ही त्यांची कायमची तक्रार. क्रेसेंडो (हळूहळू वाढत जाणारा आवाज) आला की सगळं फाटतं, असं ते म्हणत. त्यात मुलांचा दोष थोडाच होता. जोर वाढला की बासरी चढते आणि क्लॅरिनेट उतरतं. हे त्या वाद्यांच्या स्वभावातच आहे. म्हणजे आवाज वाढवताना दोन्ही ओळी एकमेकींपासून दूर जाणार, हे वाजण्याआधीच माहीत हवं. ट्रम्पेटवर पहिला आणि तिसरा व्हॉल्व्ह एकत्र दाबला की स्वर चढतो, तिथे तिसरी स्लाइड (सरकती नळी) बाहेर काढायला सांगावं लागतं. खोली गरम होते तसा सुषिर वाद्यांचा सूर दर अंश सेल्सिअसला साधारण तीन सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) चढतो, त्यामुळे थंड वाद्यावर पहिल्याच मिनिटाला लावलेला सूर विसाव्या मिनिटाला टिकत नाही. आणि ट्यूनरची सुई मध्यावर आणून बसलेलं मूल मेजर कॉर्डमधली तिसरी, म्हणजे तीन स्वरांच्या त्या मेळातला मधला स्वर, वाजवत असेल, तर ती कॉर्डमध्ये चढीच लागते. शुद्ध तिसरी सुईपेक्षा सुमारे १४ सेंट खाली असते. यातलं निम्मंअधिक त्यांना ठाऊकच होतं. ते स्कोअरवर पेन्सिलीने लिहिलेलं मात्र कुठेच नव्हतं.

म्हणून मधला रकाना आठवड्याला साडेतीन तासांवर न्यायचा ठरला: शाळा भरण्याआधी चार दिवस अर्धा-अर्धा तास आणि शनिवारी दीड तास. प्रत्येक रचनेचं पहिलं वाचन बांधणी आणि वाक्यांसाठी. दुसऱ्या वाचनात हॉर्न आणि आल्टो सॅक्सोफोनच्या ओळी मूळ स्वरात गाऊन पाहायच्या. (या वाद्यांच्या कागदावरचा स्वर आणि ऐकू येणारा मूळ स्वर वेगळे असतात: मूळ बी-फ्लॅटला क्लॅरिनेटच्या कागदावर सी असतो, हॉर्नच्या कागदावर एफ, आल्टोच्या कागदावर जी. इथे अडखळणारा कंडक्टर चुकीच्या मुलाला रागावतो, आणि हे मुलांच्या लक्षात येतं.) तिसऱ्या वाचनात कुठे काय बिघडणार याचा अंदाज लिहून ठेवायचा.

हा वेळ तिसऱ्या रकान्यातून काढला. पार्टची फाइल आणि स्टँड मांडणं मुलांकडे गेलं, दुरुस्तीची वाद्यं फक्त गुरुवारी घ्यायची, पालकांच्या निरोपांना दिवसातून एकदाच उत्तर. पहिला महिना कुरबुर झाली, ती होणारच.

झोपेबद्दल खोलात विचारलं तेव्हा एक वेगळीच गोष्ट कळली. रात्री शांत झालं की कानात गुंजतं, हे त्यांनी कुणाला सांगितलंच नव्हतं. कामाच्या जागी ८५ डेसिबल आवाज आठ तासांपर्यंत चालतो, असा सर्वसाधारण शिफारशीचा आकडा आहे. दर तीन डेसिबलला ही मुदत निम्मी होते. ९४ डेसिबलला ती एकच तास उरते. बंद खोलीत पितळी वाद्यं भरात आली की ९० सहज ओलांडतात. त्यांना कानाच्या तज्ज्ञाकडे पाठवलं. सगळे स्वर सारखेच कमी करणारे, वादकांसाठीचे १५ डेसिबलचे इअरप्लग ते आता वापरतात. समुपदेशनाने कान बरा होत नाही, त्यामुळे अशी तक्रार थेट विचारून घेतलेली बरी.

चार महिन्यांनी थकवा बराच उतरला, इच्छा मात्र उतरली नाही. मोठ्या वयाच्या वादकांबरोबर कठीण रचना करायच्या आहेत, ही त्यांची ओढ खरी निघाली. थकवा उतरायच्या आधी राजीनामा दिला असता तर हा फरक कळला नसता. छत्तीस हे वय त्यासाठी उशिराचं नाही, पण हिशेब स्पष्ट हवा: पदव्युत्तर दोन वर्षं, आणि अमेरिकेसारख्या ठिकाणी विद्यापीठाच्या जागेसाठी बहुधा डॉक्टरेट मागतात, म्हणजे आणखी साधारण तीन.

नोकरीत राहूनच अर्ज करायचे, आधी सुट्टीतली एक छोटी कंडक्टिंग कार्यशाळा करायची, असं त्यांनी ठरवलं. अर्जासोबतच्या व्हिडिओत लोक नेमके चुकतात. ते सर्वोत्तम कार्यक्रम पाठवतात, आणि त्यात कंडक्टरची फक्त पाठ दिसते. निवड करणाऱ्यांना चेहरा आणि दोन्ही हात दिसायला हवेत, थोडी तालीमही हवी, एक संथ आणि एक द्रुत रचना हवी, आणि मध्ये काटछाट नको. रचना सोपी असली तरी चालते; हातांची हालचाल बदलल्यावर आवाज बदलतो का, हे पाहिलं जातं.

दुसरी चौकशी अभ्यासक्रमाची. शुल्कमाफी आणि सहायकपद आहे का, हे कार्यालय सांगतं. आठवड्याला प्रत्यक्ष वादकांसमोर किती मिनिटं मिळतात, हे तिथल्या सध्याच्या विद्यार्थ्यांनाच विचारावं लागतं. त्यांनी चार ठिकाणी विचारलं. एका ठिकाणाहून उत्तर आलं, पंधरा मिनिटं. ते नाव त्यांनी यादीतून खोडलं. बाकी तीन अर्ज गेले आहेत.