परदेशातल्या आनंदाच्या सवयी चार दिवसांत का सुटतात?

तुम्ही विचारलंय की, वेगवेगळ्या देशांतल्या लोकांच्या आनंदी राहण्याच्या सवयी वाचून करून बघते, पण चार दिवसांत सुटतात; यातली एखादी खरंच अंगवळणी पडते का?

पडते. सुटण्याचं कारण बहुतेक वेळा आळस नसतो. आपण सवयीचं सामान उचलतो आणि सांगाडा तिथेच ठेवून येतो. सामान म्हणजे मेणबत्त्या, कॉफी, मऊ पांघरूण. सांगाडा म्हणजे किती वाजता, कोणाबरोबर, किती वेळ, आणि संपलं हे कशावरून कळणार.

सगळ्यात चांगलं उदाहरण जपानच्या ‘राजिओ ताइसो’चं, म्हणजे रेडिओवरच्या कवायतीचं. ती मुळात जपानी नाहीच. अमेरिकेत एक विमा कंपनी रेडिओवर व्यायामाचा कार्यक्रम करायची. तो पाहून जपानच्या टपाल खात्याच्या विमा विभागाने १९२८ साली आपला कार्यक्रम सुरू केला. युद्धानंतर तो काही वर्षं बंद पडला, आणि आज चालते ती मुख्य कवायत १९५१ची. अमेरिकेतला मूळ कार्यक्रम कधीच विसरला गेला. जपानमध्ये मात्र रोज सकाळी साडेसहाला रेडिओ लागतो आणि बागेत माणसं जमतात. शाळेच्या उन्हाळी सुट्टीत मुलं गळ्यात कार्ड अडकवून येतात आणि हजेरीचा शिक्का घेऊन जातात. उसनी सवय टिकली, कारण वेळ, जागा आणि सोबत आधीच ठरलेली होती. सकाळी उठून ‘आज कोणता व्यायाम करू’ हा प्रश्नच उरत नाही.

करायची तर अशी: एकूण तेरा हालचाली, पियानोच्या ठेक्यावर, सगळं मिळून तीन मिनिटांच्या थोडं वर. हात वर ताणण्याने सुरुवात, दीर्घ श्वासाने शेवट. व्हिडिओ सहज सापडतात. वेळ घड्याळाची ठरवा, ‘उठल्यावर’ अशी मोघम नको. चुका दोन होतात. एक, पाठ वाकवताना झटके देणं. ठेका जलद वाटला तर अर्धंच वाका, पण लय सोडू नका. दोन, अकराव्या हालचालीत उड्या आहेत; गुडघे दुखत असतील तर तिथे टाचा उचलून खाली टेकवणं पुरे. खुर्चीत बसून करायचा प्रकारही आहे आणि तो कमी दर्जाचा मुळीच नाही. आणखी एक, तीन मिनिटांची पंधरा मिनिटं करू नका. उत्साहाच्या भरात वाढवलेली सवय पहिल्या धावपळीच्या दिवशी गळते.

स्वीडनची ‘फीका’, म्हणजे कामाच्या मधली कॉफीची सुट्टी, ऑफिसात काम करणाऱ्यांना जास्त उपयोगी. उच्चारावर जाऊ नका, फिकं त्यात काही नसतं. कॉफीला जुन्या बोलीत ‘काफ्फी’ म्हणत. त्यातली अक्षरं उलटी करून हा शब्द झाला. सकाळी दहाच्या आसपास आणि दुपारी तीनच्या आसपास माणसं जागेवरून उठतात, एका टेबलाशी बसतात, कॉफी आणि बहुधा दालचिनीचा गोड पाव घेतात. साहेबही त्याच टेबलाशी. पंधरा-वीस मिनिटांत परत कामावर. आपण नक्कल करताना कप घेऊन स्क्रीनसमोरच बसतो, तिथेच सगळं बिघडतं. फीकाचा गाभा उठण्यात आणि एकत्र बसण्यात आहे. कॉफीच्या जागी लिंबूपाणी चालेल. नियम तीनच ठेवा: जागा कामाची नसावी, फोन टेबलावर नसावा, आणि कामाचा विषय निघाला तर ‘नंतर’ एवढंच म्हणायचं. सुरुवातीला दोघं पुरेत. जोडीदार नसेल त्या दिवशीही त्याच वेळी उठून त्याच जागी बसा, नाहीतर पुढच्या वेळी तो येईल तेव्हा तुम्ही नसाल. कॉफीच घेत असाल तर दुपारची फार उशिरा ढकलू नका. रात्रीची झोप गेली तर आनंदाचा हिशोब उणे होतो.

डेन्मार्कच्या ‘ह्युगे’बद्दल, म्हणजे मंद उजेडात जवळच्या माणसांबरोबर निवांत बसण्याबद्दल, जरा तिरकस बोलतो, कारण त्याचा बाजार फार झालाय. कोपनहेगनला डिसेंबरात जेमतेम सात तास उजेड असतो. अशा ठिकाणी लोकांनी दिवे खाली आणले, चार माणसं जवळ बसवली, यात शहाणपण आहे. उकाड्याच्या प्रदेशात खिडक्या बंद करून मेणबत्त्या लावणं म्हणजे धूर आणि घाम. घ्यायचं ते एवढंच: संध्याकाळी छताचा पांढरा दिवा बंद, त्याऐवजी बसल्यावर खांद्याच्या उंचीला येतील असे दोन-तीन पिवळसर दिवे. बल्बच्या खोक्यावर २७०० के लिहिलेलं असतं, तो घ्या. माणसं तीन-चार, आणि काम सगळ्यांनी वाटून. एकजण स्वयंपाकघरात राबतोय आणि बाकीचे निवांत, हे ह्युगे नव्हे.

याच जोडीला एक गैरसमज. जागतिक आनंद अहवालात फिनलंड २०१८ पासून वर्षानुवर्षं पहिला येतोय म्हणून तिथल्या सवयी घ्याव्यात, असं लोक म्हणतात. त्या यादीचा मुख्य प्रश्न सवयींचा नसतोच. शून्य ते दहा पायऱ्यांची शिडी कल्पा, तुमचं आयुष्य कितव्या पायरीवर आहे, असं विचारतात. उत्पन्न, आरोग्य, अडीअडचणीला धावून येणारं माणूस, अशा गोष्टींचा त्या उत्तराशी मोठा संबंध असतो. सौना, म्हणजे तिथलं गरम खोलीतलं वाफेचं स्नान, जरूर घ्या, पण देशाचा क्रमांक सौनाच्या खात्यावर टाकू नका.

स्पेनची ‘सोब्रेमेसा’ फुकट आहे: जेवण संपल्यावर ताटांसमोरच बसून गप्पा. ती मोडते एकाच क्षणी, कोणीतरी भांडी उचलायला उठतं तेव्हा. म्हणून भांडी कोण घासणार हे जेवायला बसण्यापूर्वी ठरवा, पाण्याचा जग आणि फळं आधीच टेबलावर आणा, आणि ज्याने रांधलं त्याने शेवटपर्यंत उठायचं नाही. अर्धा तास आठवड्यातून एकदा, एवढ्यावरच सुरू करा.

जपानच्या ओकिनावा बेटांवरचं ‘हारा हाची बु’, म्हणजे दहापैकी आठ भाग पोट भरणं, ऐकायला सोपं आणि करायला अवघड, कारण पोट भरल्याची जाणीव उशिरा होते. नेहमीपेक्षा थोडं कमी वाढून घ्या, संपल्यावर दहा मिनिटं थांबा, मग हवंच असेल तर घ्या. वाढत्या मुलांना, गरोदर बाईला किंवा खाण्याच्या विकारातून सावरणाऱ्या माणसाला हा नियम लावू नका.

त्याच ओकिनावाची ‘मोआई’ मला या सगळ्यात वजनदार वाटते. ठरलेली माणसं ठरावीक काळाने भेटतात, अनेक गटांत पैसे जमा करून पाळीपाळीने उचलतात, थोडक्यात भिशी. पैसा हे भेटीचं निमित्त असतं, आणि ‘यावेळी जमत नाही’ म्हणणं त्यामुळे जरा जड जातं. पैसे नको असतील तर दुसरी जबाबदारी ठेवा. प्रत्येकाने पाळीने जागा ठरवायची, आणि न येणाऱ्याला दुसऱ्या दिवशी फोन करायचा. माणसं पाच ते आठ. जास्त झाली की एखादा आला नाही तरी कोणाच्या लक्षात येत नाही.

तुमचं चार दिवसांत सुटतं म्हणून माझा सल्ला: एकट्या राहत असाल तर कवायत घ्या, ऑफिसात असाल तर फीका, आणि दोन्ही एकाच महिन्यात सुरू करू नका. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट करून भरपाई नको. त्याच वेळी, तेवढंच.