नानांच्या पाया सगळे का पडतात

मनू,

काल व्हिडिओ कॉल संपल्यावर तू विचारलंस की मे महिन्यात रहिमतपूरच्या एसटी स्टँडवर तो पांढऱ्या केसांचा माणूस नानांच्या एकदम पाया का पडला, तो तर स्वतःच कुणाचातरी आजोबा दिसत होता, आपल्या नात्यातला पण नव्हता, आणि नाना त्याला अरे-तुरे कसं काय करत होते. हे दोन वाक्यांत सांगण्यासारखं नाही म्हणून लिहितेय, सावकाश वाच, अडलं तर विचार.

तो माणूस नानांच्या चौथीच्या वर्गात होता, नाना नवीनच गुरुजी झाले होते तेव्हाचा. आपल्याकडे वयानं मोठ्या असलेल्यांच्या पाया पडतात हे तुला माहितीये, पण ज्यानं शिकवलं त्याच्या पाया पडताना कुणी आपलं वय बघत नाही, आपण साहेब झालो, नातवंडं झाली, काही फरक पडत नाही. आणि अरे-तुरेचं म्हणशील तर नानांनी त्याला अहो-जाहो केलं असतं ना तर बिचाऱ्याचं तोंड उतरलं असतं, परकं केलं असं वाटलं असतं. आठवतं का तुला, तो म्हणाला "वळखलं का गुरुजी" आणि नाना म्हणाले "अरे तू गवंड्याचा धाकटा, सातच्या पाढ्याला रडणारा", तेव्हा त्याचे डोळे भरून आले होते, त्याचा बाप काय करायचा आणि त्याला कुठला पाढा येत नव्हता हे इतक्या वर्षांनी लक्षात ठेवणारं माणूस दुसरं कोण असणार.

आता आधीची गोष्ट. नाना १९६६ साली भरती झाले, मराठा लाइट इन्फंट्रीत, ट्रेनिंग बेळगावला. आपल्या सातारा जिल्ह्यात पोरगं अठराचं झालं की भरतीला जायचं हे नवीन नव्हतंच, अपशिंगे म्हणून गाव आहे, त्याला अपशिंगे मिलिटरी असंच म्हणतात, पहिल्या महायुद्धात त्या एका गावातले ४६ जवान कामी आले, त्यांच्या नावाची आठवण म्हणून तिथे स्तंभ आहे. नाना पहिल्या मराठा बटालियनमध्ये होते, तिला जंगी पलटण म्हणतात, १७६८ सालची पलटण आहे ती, विचार कर किती जुनी.

१९७१ च्या डिसेंबरमध्ये ही पलटण आत्ताच्या बांगलादेशात जमालपूरला होती. ब्रह्मपुत्रा ओलांडून हे लोक शत्रूच्या मागच्या बाजूला जाऊन रस्ता अडवून बसले. आपल्या ब्रिगेडियर क्लेर यांनी समोरच्या पाकिस्तानी अधिकाऱ्याला पत्र पाठवलं की शरण या, तर त्यानं उत्तराच्या चिठ्ठीत बंदुकीची गोळी गुंडाळून पाठवली आणि लिहिलं की पुढच्या वेळी पेन ठेवून स्टेनगन घेऊन भेटा. मग १० डिसेंबरच्या रात्री ते अंधारात निसटायला निघाले आणि सरळ मराठ्यांच्या मोर्चांवर येऊन धडकले, रात्रभर लढाई, आणि ११ ला सकाळी जमालपूरची फौज शरण आली. ढाका पडलं १६ ला. जमालपूरच्या त्या लढाईच्या रात्रीच नानांच्या डाव्या गुडघ्यात लोखंडाचे तुकडे घुसले. पुण्याच्या मिलिटरी हॉस्पिटलात कित्येक महिने काढले, पाय वाचला पण गुडघा वाकेना, आणि मेडिकल बोर्डानं घरी पाठवलं.

चोवीस-पंचवीस वर्षांचं वय, घरी जेमतेम शेती, आणि पाय असा, नांगर धरता येत नाही. लोक म्हणायचे की बँकेत वॉचमन म्हणून लाग, माजी सैनिकांना घेतात. नानांनी डी.एड. केलं. का केलं हे मी खूपदा विचारलंय, ते एवढंच सांगतात की पलटणीत निम्म्या पोरांची घरची पत्रं मीच वाचून दाखवायचो आणि उत्तरं पण मीच लिहायचो, आई-बायकोच्या खाजगी गोष्टी पोरांना माझ्या तोंडून ऐकायला लागायच्या, ते मला बघवायचं नाही. मला वाटतं तुझ्या प्रश्नाचं खरं उत्तर इथंच आहे.

जिल्हा परिषदेच्या शाळेत तेव्हा बाकं नव्हती, सगळी खाली बसायची. नानांना मांडी घालता यायची नाही, ते डावा पाय सरळ पुढे सोडून भिंतीला टेकून बसायचे आणि लहान पोरं त्या पायावर पाटी टेकवून लिहायची, टेबलच झालं होतं त्यांचं. ळ आणि क्ष काढता येत नसेल तर नाना मागून हात धरून गिरवून घ्यायचे, दहा वेळा, वीस वेळा, पण आवाज चढायचा नाही. रांग मात्र फौजेसारखी, नखं रोज बघणार, शाळा सुटली की पीटी. चौथीच्या स्कॉलरशिपला बसणारी पोरं रात्री शाळेतच झोपायची, कंदिलावर अभ्यास, आणि पत्रलेखनाचा धडा आला की जमालपूरच्या त्या चिठ्ठीची गोष्ट ठरलेली. लढाईतलं एवढंच सांगायचे ते वर्गात. बाकीचं घरी पण बोलत नाहीत. त्या लढाईचं 'पूर्वी स्टार' नावाचं मेडल ट्रंकेत असतं, २६ जानेवारीला झेंडावंदनाला तेवढं लावतात.

दसरा तू तिथला अजून बघितला नाहीस. फौजेत दसऱ्याला शस्त्रांची पूजा करतात आणि घरोघरी पोरं पाटीवर सरस्वती काढून पाटीची पूजा करतात, आणि आमच्या घरी हे दोन्ही एकाच पाटावर असायचं, पलटणीचा बॅज, विळा, कोयता, अडकित्ता आणि माझी पाटी, झेंडूची फुलं सगळ्यांना सारखीच. संध्याकाळी सोनं द्यायला, म्हणजे आपट्याची पानं, नानांकडे जी रीघ लागते ना, रात्री दहापर्यंत माणसं येत असतात, कुणी तलाठी, कुणी ट्रक चालवणारा, कुणी सुट्टीवर आलेला जवान, सगळे पानं हातात देतात आणि वाकतात. नाना प्रत्येकाला विचारतात पोरं शाळेत जातात का.

यंदा तुझी सुट्टी जुळवून आपण दसऱ्याला जातोय, बाबांशी बोललेय मी. जमालपूरचं तू स्वतःच विचार त्यांना, तुला सांगतील ते. फक्त दुपारची झोप झाल्यावर विचार, आणि डाव्या बाजूला बस, उजव्या कानानं त्यांना ऐकू येत नाही.

तुझी,
आई